अनावर खाणे आणि उपाशी दिवस : महाविद्यालयीन तरुणांच्या आहारवर्तनाचे अर्थकारण

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ भारतातील अन्नविषयक धोरण एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. पुरेसे अन्न सर्वांपर्यंत कसे पोहोचवावयाचे, हा तो प्रश्न. हरितक्रांती, सार्वजनिक वितरण व्यवस्था, मध्यान्ह भोजन योजना आणि २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा हे त्याच प्रश्नाला दिलेल्या उत्तराचे टप्पे होत. गेल्या दोन दशकांत त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष अपुऱ्या वजनाचे होते. त्याच वेळी २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजन वा स्थूलता या वर्गात मोडत होते. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे दुसरे प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. कुपोषणाचा हा दुहेरी भार परीक्षार्थींना परिचित आहे.

परंतु अशा कोष्टकात प्रत्येक व्यक्ती एकदाच मोजली जाते आणि एकाच रकान्यात बसते. दिवसभर जवळजवळ उपाशी राहणारी आणि रात्री एका बैठकीत तीन माणसांचे अन्न संपवणारी व्यक्ती एकच असेल, तर ती कोणत्या रकान्यात दिसणार? तिचे वजन अगदी सामान्यही असू शकते. महाविद्यालये, वसतिगृहे आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीची केंद्रे येथे आढळणारा हा आहारवर्तनाचा प्रकार वजनाच्या आकडेवारीतून निसटतो, आणि घरच्यांच्या नजरेतूनही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. या विकारांची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीपासून विशीच्या पूर्वार्धापर्यंत होते. म्हणजे ज्या वयाला आपण लोकसंख्येचा लाभांश म्हणतो, नेमके तेच हे वय.

संकल्पना आणि तिचा इतिहास

लग्नाच्या पंगतीत आग्रहाने दोन जिलेब्या जास्त खाणे किंवा परीक्षा संपल्यावर मित्रांसमवेत भरपेट जेवणे यास वैद्यकीय अर्थाने 'बिंज इटिंग' म्हणत नाहीत. मराठीत ज्याला 'अनावर खाणे' म्हणता येईल, त्या अवस्थेची दोन लक्षणे एकत्र असावी लागतात. पहिले म्हणजे थोड्या वेळात, साधारणतः दोन तासांच्या आत, त्याच परिस्थितीत बहुतेक माणसे खातील त्यापेक्षा निश्चितपणे अधिक अन्न खाल्ले जाणे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे त्या वेळी स्वतःवरील ताबा सुटल्याची जाणीव होणे. थांबावेसे वाटते, पण थांबता येत नाही. खाण्याचा वेग नेहमीपेक्षा जास्त असतो, भूक नसतानाही खाल्ले जाते, पोट दुखेपर्यंत खाल्ले जाते, लाजेपोटी एकट्यानेच खाल्ले जाते, आणि नंतर स्वतःविषयी तिटकारा व अपराधीपणा दाटून येतो. असे प्रसंग आठवड्यातून किमान एकदा, याप्रमाणे तीन महिने घडत राहिले, त्यातून तीव्र मनस्ताप होत असला आणि वर सांगितलेल्या पाच खुणांपैकी किमान तीन असल्या, तर अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसंहितेनुसार त्यास विकार मानले जाते.

या विकाराला शास्त्रीय मान्यता फार उशिरा मिळाली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये रात्रीच्या खाण्याच्या लक्षणसमूहाचे आणि १९५९ मध्ये अनावर खाण्याचे वर्णन केले. १९७९ मध्ये ब्रिटनमधील जेराल्ड रसेल यांनी 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव रूढ केले. यात अनावर खाण्यापाठोपाठ वजन वाढू नये म्हणून उलटी, रेचके, कडक उपास किंवा अतिरेकी व्यायाम यांचा आश्रय घेतला जातो. अशी भरपाईची कृती नसलेल्या अनावर खाण्यास १९९४ च्या निदानसंहितेत केवळ परिशिष्टात, पुढील अभ्यासासाठी म्हणून, जागा मिळाली. स्वतंत्र विकार म्हणून त्याची नोंद २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तीतही तो स्वतंत्रपणे समाविष्ट आहे. स्टंकार्ड यांच्या पहिल्या वर्णनापासून मान्यतेपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला. एवढ्या काळात समाजाने त्याला जे नाव दिले ते सोपे होते : खादाडपणा.

मराठीत 'अधाशी', 'हावरट', 'जिभेचे चोचले' असे शब्द विपुल आहेत, आणि प्रत्येकात दोष व्यक्तीच्या स्वभावावर आहे. त्यामुळे ज्याला हा त्रास आहे तो विद्यार्थीही स्वतःचे निदान याच शब्दांत करतो, आणि निश्चय करतो की उद्यापासून काहीही खायचे नाही. हाच निश्चय पुढील प्रसंगाचे मूळ कसे ठरतो, हे समजून घेणे हा या विषयाचा गाभा होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १४ देशांत झालेल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आयुष्यात कधीतरी अनावर खाण्याचा विकार झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के, तर बुलिमियाचे १ टक्का होते. अमेरिकेतील २००७ च्या अभ्यासात हा विकार स्त्रियांत ३.५ व पुरुषांत २ टक्के आढळला. ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया यांच्या तुलनेत येथे पुरुषांचा वाटा बराच मोठा आहे, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण 'हे मुलींचे दुखणे' या समजुतीमुळे मुलगे मदतीसाठी पुढे येत नाहीत. भारतातील मनोविकारतज्ज्ञांनी २१० वैद्यकीय विद्यार्थ्यांचा केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३१ जणांमध्ये, म्हणजे १४.८ टक्क्यांमध्ये, पूर्ण विकारापर्यंत न पोहोचलेला पण खाण्याशी निगडित असा त्रास दिसून आला होता. त्या वेळी मोबाईलवरून जेवण मागवण्याची सोय नव्हती आणि उपग्रह वाहिन्या नुकत्याच आल्या होत्या. तात्पर्य, हा त्रास काल-परवा परदेशातून आलेला नाही.

उपास आधी, अतिरेक नंतर

नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धानंतर युरोपातील उपासमारग्रस्तांना अन्न कसे द्यावे हे ठरवण्यासाठी तो आखला होता. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. प्रयोगाची खरी शिकवण मात्र त्यांच्या मनाच्या नोंदीत आहे. अन्नाखेरीज दुसरा विषय त्यांना सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. एकाग्रता ढासळली, चिडचिड वाढली, मित्रमंडळींत मन रमेना. आणि प्रयोग संपून अन्न मुबलक मिळू लागल्यावर काहींना पोट भरूनही समाधान होईना, ते खातच राहिले. या तरुणांना आधी खाण्याचा कोणताही विकार नव्हता. उपासमारीने तो निर्माण केला. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला या प्रयोगाचा दोन खंडांतील ग्रंथ दुष्काळ-निवारणाच्या अभ्यासकांसाठी लिहिला गेला होता, पण पुढे तो खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्यांनीच अधिक वाचला.

दुसरा प्रयोग १९७५ मधील, हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांचा. महाविद्यालयीन विद्यार्थिनींना प्रथम मिल्कशेक देऊन नंतर हवे तेवढे आइस्क्रीम खाण्याची मुभा देण्यात आली. ज्या एरवी आहारावर निर्बंध घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्ले. ज्या सतत निर्बंध पाळत होत्या त्यांनी मात्र मिल्कशेक न घेता जेवढे खाल्ले असते त्याहून अधिक खाल्ले. आजचा नियम मोडलाच आहे, मग आता राखायचे काय, असा हा हिशेब. निर्बंध जितका कडक, तितका तो पहिल्याच घासाला पूर्ण कोसळतो, आणि मग बुडत्याचा पाय खोलात जातो.

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मराठी समाजाने उपासाच्या फराळाची थट्टा करण्यासाठी घडवली. पण तिच्यात वरील दोन्ही प्रयोगांचे सार आहे असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात परंपरेतील उपास आणि वजनाच्या धास्तीने केलेली उपासमार यांत महत्त्वाचा भेद आहे. पहिल्याचा प्रारंभ व शेवट ठरलेला असतो, तो चारचौघांसोबत होतो आणि मोडला तरी माणूस स्वतःचा तिरस्कार करीत नाही. दुसरा एकट्याने, गुपचूप आणि अनिश्चित काळासाठी चालतो.

विद्यार्थ्याचा दिवस

या पार्श्वभूमीवर दिल्लीतील मुखर्जी नगर, राजस्थानातील कोटा, हैदराबादमधील अशोक नगर किंवा पुण्यातील सदाशिव पेठ येथे तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस पाहावा. रात्री उशिरापर्यंत वाचन, म्हणून सकाळी उशिरा उठणे, म्हणून न्याहारी नाही. अभ्यासिकेतील जागा जाऊ नये म्हणून दुपारचे जेवण पुढे ढकलले जाते. मध्ये चहा आणि बिस्किटे. मेसची रात्रीची वेळ संपेपर्यंत उजळणी संपत नाही. पुण्यातील अनेक मेसमध्ये रविवारी दुपारी गोडाचे जेवण आणि रात्री सुट्टी, असा शिरस्ता आहे. आठवड्याचा तो एक रात्रीचा खाडा ज्याने अनुभवला आहे त्याला पुढचे सांगावयास नको. अकरा वाजता भूक अशी लागते की वरणभाताची वाट पाहणे अशक्य होते, आणि त्या वेळी वरणभात मिळतही नाही. मिळतात ते वेफर्स, नूडल्स, केक आणि शीतपेये.

यात झोपेचा वाटा स्वतंत्रपणे मोजला गेला आहे. कॅरिन स्पीगेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ निरोगी तरुणांना एकदा सलग दोन रात्री प्रत्येकी केवळ चार तास आणि एकदा दहा तास झोपण्याची मुभा देण्यात आली. कमी झोपेनंतर तृप्तीचा संदेश देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे प्रमाण १८ टक्क्यांनी कमी, तर भूक चेतवणाऱ्या घ्रेलिनचे २८ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि स्वतः तरुणांनी सांगितलेली भूकही वाढली होती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विद्यार्थ्याची 'इच्छाशक्ती' कमी पडते असे जे वाटते, त्यात रक्तातील संप्रेरकांचा हा भाग बराच मोठा असू शकतो.

पहिल्या वर्षी वजन वाढते, या समजाविषयी थोडेसे. अमेरिकेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी १५ पौंड वजन वाढते असे म्हणण्याची प्रथा आहे. २०११ मध्ये तेथील देशव्यापी आकडेवारी तपासली असता सरासरी वाढ सुमारे अडीच ते साडेतीन पौंडच निघाली. या अतिशयोक्तीचा तोटा असा की तिला घाबरून नवे विद्यार्थी प्रवेश घेताच जेवण कमी करतात.

अर्थशास्त्र काय सांगते

अर्थशास्त्राच्या पारंपरिक मांडणीत ग्राहक आपल्या पसंतीनुसार निवड करतो आणि ती पसंती काळानुसार बदलत नाही. सकाळी ठरवलेले रात्री का मोडते, हे या मांडणीतून उलगडत नाही. रॉबर्ट स्ट्रॉट्झ यांनी १९५०च्या दशकात आणि डेव्हिड लेबसन यांनी १९९७ मध्ये काळ-विसंगत पसंतीचे प्रतिमान मांडले. दूरच्या दोन पर्यायांत माणूस हिताचा पर्याय निवडतो, पण त्यांतील एक अगदी समोर आला की तात्काळ लाभाला अवाजवी वजन देतो. रीड आणि व्हान लीउवेन यांनी १९९८ मध्ये नोकरदारांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले. पुढच्या आठवड्यासाठी आरोग्यदायी खाऊ निवडणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष दिवस उजाडल्यावर निवड बदलली. परीक्षेसाठी वर्तनात्मक अर्थशास्त्र वाचणाऱ्यांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

तरीही अनावर खाण्याच्या बाबतीत हे प्रतिमान अपुरे आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. येथे तात्काळ लाभ म्हणजे आनंद, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात अशा प्रसंगी पहिल्या काही घासांनंतर आनंद उरतच नाही. अधिक जवळचे स्पष्टीकरण जॉर्ज लोवेनस्टाइन यांच्या १९९६ मधील लेखात मिळते. भूक, वेदना, तहान, भीती यांसारख्या शारीर प्रेरणा तीव्र झाल्या की त्या इतर सर्व उद्दिष्टांना बाजूला सारतात, आणि शांत अवस्थेतील माणसाला तप्त अवस्थेतील स्वतःची कल्पना करता येत नाही. न्याहारी टाळणारा सकाळचा विद्यार्थी रात्रीच्या विद्यार्थ्याच्या वतीने एक करार करतो, जो पाळणे रात्रीच्या विद्यार्थ्याला शक्यच नसते. न्याहारी टाळून वाचलेली रक्कम आणि वेळ हा लाभ सकाळी दिसतो, तर खर्च रात्री पडतो. दोन्ही एका हिशेबात मांडले जात नाहीत.

किमतीचा विचार येथे वेगळ्या अंगाने करावा लागतो. कटलर, ग्लेझर आणि शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये असे दाखवले की अन्नाची खरी किंमत पैशांइतकीच वेळेतही मोजली पाहिजे. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आणि वेष्टन यांमुळे पदार्थ तयार करून खाण्याचा वेळ घटला, आणि ज्यांचा संयम मुळात नाजूक त्यांच्यावर याचा परिणाम सर्वाधिक झाला. पूर्वी रात्री भजी खाण्याची लहर आली तर चूल पेटवावी लागे. तेवढ्या अवधीत लहर बहुधा ओसरे. २०१४ नंतर भारतीय शहरांत घरपोच खाद्यपदार्थांच्या ॲप्सचा आणि त्यानंतर काही मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या सेवांचा विस्तार झाला. त्यामुळे हा अवधी जवळजवळ संपुष्टात आला. शिवाय ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या मागणीवर पोहोचवण्याचे शुल्क माफ करण्याची पद्धत आहे. चौघांच्या कुटुंबाला ती सोयीची, पण खोलीत एकट्या असलेल्या विद्यार्थ्याला शुल्क वाचवण्यासाठी भुकेपेक्षा जास्त मागवण्याचे ते थेट प्रलोभन ठरते. पाच-दहा रुपयांची लहान पुडी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणताना जो नैसर्गिक अटकाव होता तोही या व्यवहारात उरत नाही.

या बदलाची छाया राष्ट्रीय आकडेवारीत दिसते. कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भागात पेये, प्रक्रियायुक्त अन्न इत्यादींवरील खर्चाचा एकूण खर्चातील वाटा २०११-१२ मध्ये ८.९८ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ११.०९ टक्के झाला. ग्रामीण भागात तो ७.९० वरून ९.८४ टक्क्यांवर गेला. खाद्यखर्चात हा गट आता दोन्हीकडे सर्वांत मोठा आहे. प्रक्रियेचे प्रमाण स्वतःच खाण्याचे प्रमाण वाढवते काय, याचे उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये शोधले. २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे अल्पप्रक्रियायुक्त अन्न देण्यात आले. दोन्ही आहारांत समोर ठेवलेले उष्मांक, साखर, मेद व तंतू यांचे प्रमाण सारखे होते, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पहिल्या आहारावर माणसे दिवसाला सरासरी सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. प्रयोग छोटा होता, पण काटेकोर होता.

२०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा संबंध तरुणांच्या मानसिक स्वास्थ्याशी जोडला आणि वेष्टनाच्या दर्शनी भागावर स्पष्ट इशारा असण्याची गरज मांडली. त्याच वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत बिस्किटे, चॉकलेट, नमकीन, इन्स्टंट नूडल्स यांवरील कर १२ वा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला, तर साखरयुक्त वायुमिश्रित पेयांवरील दर ४० टक्के ठेवण्यात आला. सामान्य कुटुंबाला दिलासा देण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. मात्र सापेक्ष किमतींच्या दृष्टीने पाहता हे दोन निर्णय एकमेकांशी मेळ खात नाहीत. अर्थात नुसत्या करवाढीने अनावर खाणे थांबेल असे मानणेही भोळेपणाचे होईल. तप्त अवस्थेत मागणीची किंमत-लवचिकता फारच कमी असते. कराचा परिणाम होतो तो दुकानात काय ठेवले जाते आणि सवय कशाची लागते यांवर.

आरसा आणि पडदा

फिजी बेटांवरील एका प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. हार्वर्डमधील मानवशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी त्या सुमारास आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. भरदार देहाला मान देणाऱ्या त्या समाजात वजन ताब्यात ठेवण्यासाठी उलटी करण्याचे प्रमाण पहिल्या पाहणीत शून्य होते, ते तीन वर्षांत ११.३ टक्के झाले. आज मोबाईलच्या पडद्यावर तुलनेसाठी आपल्याच वर्गातील मुले-मुली असतात, म्हणून हा परिणाम अधिक जवळचा आहे. मुलींमध्ये तो जेवण टाळण्यातून दिसतो. मुलग्यांमध्ये त्याचे रूप निराळे असते. आठवडाभर केवळ प्रथिनांचा आहार, सक्तीचा व्यायाम, आणि आठवड्यातून एक 'चीट डे', ज्या दिवशी वाटेल तेवढे खाण्याची परवानगी. नाव आधुनिक आहे, अनुभव प्रशंसेचा विषय आहे, आणि त्यामुळे मागे असलेले निर्बंध-अतिरेकाचे चक्र कोणाच्या लक्षात येत नाही. ठरावीक तास उपाशी राहण्याच्या सध्याच्या पद्धतीही काहींना मानवत असतील, पण ज्याला अनावर खाण्याचा त्रास आहे त्याच्यासाठी त्या धोक्याच्या आहेत.

उपचार आणि धोरण

उपचारांचे शास्त्र या विषयात बरेच पुढे गेले आहे. ऑक्सफर्ड येथील क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली बोधनात्मक वर्तनोपचार पद्धती सर्वाधिक तपासली गेली आहे. तिची पहिली पायरी ऐकून अनेक रुग्णांना आश्चर्य वाटते. आहार कमी करण्यास सांगितले जात नाही. दिवसातून तीन जेवणे आणि दोन-तीन वेळा अल्पोपाहार, ठरलेल्या वेळी, भूक असो वा नसो, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून मोठी पोकळी नाही, एवढीच ती सूचना असते. आदल्या रात्री ताबा सुटला असला तरी दुसऱ्या दिवशी न्याहारी चुकवायची नाही. पुष्कळांच्या बाबतीत एवढ्याने प्रसंगांची संख्या लक्षणीय घटते. मागोमाग तणाव, एकटेपणा, देहाविषयीची कठोर मते यांवर काम होते.

प्राथमिक चाचणीसाठी डॉक्टर १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली पाच प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. पोट फार भरल्याने मुद्दाम उलटी केली जाते काय, किती खावे यावरील ताबा सुटल्याची काळजी वाटते काय, तीन महिन्यांत वजनात मोठी घट झाली काय, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला लठ्ठ वाटते काय, आणि अन्नाने आयुष्य व्यापले आहे असे म्हणाल काय, हे ते प्रश्न. दोन किंवा अधिक होकार आल्यास तपशीलवार तपासणी करावी, असा संकेत आहे.

कायद्याची चौकट उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने अशा सेवेचा हक्क मान्य केला आणि विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांबरोबरीचे स्थान दिले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत, शिकवणी वर्गांसह, किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. मात्र या समुपदेशकाला खाण्याविषयी विचारण्याची सवय हवी. झोप आणि अभ्यास यांबद्दल विचारले जाते, जेवणाबद्दल क्वचितच, आणि विद्यार्थी आपणहून ते सांगत नाही.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात आणि त्याभोवती ५० मीटरपर्यंत मेद, साखर व मीठ अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. महाविद्यालये त्या विनियमांच्या कक्षेबाहेर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ आणि २०१८ मध्ये कुलगुरूंना पत्रे पाठवून परिसरातील जंक फूडवर बंदीची सूचना केली होती. तथापि उपाहारगृहात समोसा मिळाला नाही म्हणून रात्रीचा प्रसंग टळत नाही, उलट 'निषिद्ध' पदार्थांची यादी जितकी लांब, तितके नियम मोडण्याचे प्रसंग अधिक. स्थूलतेविरुद्धच्या मोहिमांनाही ही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून मोठ्या उपाहारगृहांच्या मेन्यूवर उष्मांक छापणे सक्तीचे झाले, तेव्हा खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली होती. जो आधीच प्रत्येक घास मोजतो आहे, त्याच्यासमोर आणखी एक आकडा ठेवण्याने काय साधणार, हा त्यांचा मुद्दा होता. वसतिगृहाच्या भिंतीवर वजनाची कोष्टके लावणाऱ्या प्रशासनाने तो विचारात घ्यावा.

याउलट ज्या उपायाला सर्वांत कमी खर्च येतो, त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. तो म्हणजे मेसचे वेळापत्रक. बहुतेक वसतिगृहांत जेवणाच्या वेळा कंत्राटदाराच्या मनुष्यबळाच्या सोयीने ठरतात आणि त्या निविदेच्या अटींत एकदा लिहिल्या गेल्या की वर्षभर बदलत नाहीत. परीक्षांच्या पंधरवड्यात तर वाचन पहाटेपर्यंत चालते आणि स्वयंपाकघर मात्र नऊच्या सुमारास बंद होते. रात्री साडेदहापर्यंत खिचडी, दूध, उकडलेली अंडी किंवा केळी मिळतील एवढी एक अट निविदेत घातल्यास कंत्राटाची रक्कम किंचित वाढेल. आज हा खर्च कोणी करत नाही असे नाही. तो विद्यार्थी करतो, रात्री अकरा वाजता, आपल्या मोबाईलवरून. मेस समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात, आणि निविदेचा मसुदा दरवर्षी साधारणतः उन्हाळ्याच्या सुट्टीत, ते गावी गेलेले असताना तयार होतो. दरम्यान ज्यांना कोणाशी तरी बोलावयाचे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.